विश्लेषण : भातावरच्या तुडतुड्याला नाव देणारे विल्यम डिस्टंट कोण होते?

मावळात भाताची लावणी आटोपली की काही दिवसांत खाचरात पाऊल टाकताच बांधाकडेचे छोटे हिरवे किडे टुणटुण उड्या मारू लागतात. शेतकरी त्यांना तुडतुडे म्हणतो. त्यातल्या एका हिरव्या आणि एका पांढऱ्या तुडतुड्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही एकाच माणसाचे आडनाव लिहिले जाते, ते म्हणजे डिस्टंट. चामड्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाचा भाताशी संबंध कसा आला?

चामड्याच्या कारखान्यातून कीटकांकडे…

विल्यम लुकास डिस्टंट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४५ रोजी लंडनमधील रॉदरहाइथ या बंदरालगतच्या भागात झाला. वडील देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. १८६७ मध्ये वडिलांबरोबरच्या सफरीत विल्यम यांनी मलाय द्वीपकल्प पाहिला आणि तिथल्या कीटकांनी त्यांना वेड लावले. पोटापाण्यासाठी मात्र लंडनमधील चामडे कमावण्याचा कारखानाच होता. नोकरी सांभाळून त्यांनी मलायातील फुलपाखरांवर ग्रंथ लिहिला. कामानिमित्त दोनदा दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालला जाणे झाले, तेव्हा तिथलेही कीटक गोळा केले. १८९९ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये कामाला लागले. तिथे ते १९२० पर्यंत होते.

भारताशी संबंध कसा?

ब्रिटिश भारतातील प्राण्यांची नोंद करणारी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही ग्रंथमाला तेव्हा सुरू होती. तिच्यातील ढेकूण, सिकाडा, तुडतुडे अशा सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांचे काम डिस्टंट यांच्याकडे आले. १९०२ ते १९१८ या काळात त्यांनी सात खंड पूर्ण केले. भारत, श्रीलंका आणि म्यानमारमधून टाचणीला टोचून आलेले नमुने ते लंडनमध्ये भिंगाखाली पाहत, वर्णन लिहीत आणि नवीन वाटलेल्या प्रजातीला नाव देत. नमुना कुठे सापडला तेही नोंदवले जाई. यातल्या काही कीटकांच्या नोंदीत खंडाळा-लोणावळ्याच्या बोरघाटाचे नाव आहे.

भाताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९०८ चा चौथा खंड. ‘व्हिरेसेन्स’ हा हिरवा आणि ‘स्पेक्ट्रा’ हा पांढरा तुडतुडा त्यात प्रथम नोंदवला गेला.

मग नावात घोळ काय झाला?

डिस्टंट यांनी हिरव्या तुडतुड्याला ‘सेलेनोसेफालस’ या प्रजातिगटात ठेवले होते. हे वर्गीकरण टिकले नाही. त्यांचा भर रंग, ठिपके, डोक्याचा आकार अशा बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर होता. तुडतुड्यांत एवढ्यावर भागत नाही, कारण नर-मादीचे ठिपके वेगळे असतात आणि वेगवेगळ्या प्रजाती मात्र सारख्या दिसतात. म्हणून आज नराच्या जननेंद्रियांची रचना तपासूनच प्रजाती पक्की केली जाते.

१९६० च्या दशकात या घोळाची किंमत कळली. दक्षिण आणि आग्नेय आशियात भाताची रोपे पिवळी-नारिंगी पडून खुंटत होती. हा टुंग्रो नावाचा विषाणूजन्य रोग हिरवा तुडतुडा पसरवतो, हे स्पष्ट झाले. पण नेमका कोणता हिरवा तुडतुडा? जपानमध्ये १९६४ मध्ये त्याला ‘इम्पिक्टिसेप्स’ असे नवे नाव मिळाले होते आणि बरेच संशोधन त्याच नावाने छापले गेले. एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या देशाने वापरायचा, तर दोघे एकाच किड्याबद्दल बोलत आहेत याची खात्री हवी.

ती खात्री जुन्या मूळ नमुन्यांनी दिली. एम. एस. के. घौरी यांनी ते तपासून १९७१ मध्ये या गटाची फेरमांडणी प्रसिद्ध केली. ‘इम्पिक्टिसेप्स’ म्हणजे डिस्टंट यांचाच ‘व्हिरेसेन्स’ निघाला. नियमानुसार आधीचे नाव टिकले, गट मात्र बदलला. आजचे नाव ‘नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स’ असे आहे. त्यापुढे ‘डिस्टंट’ कंसात लिहितात. नाव त्यांनी दिले, पण गट नंतर बदलला, असा या कंसाचा अर्थ.

मावळच्या शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणी वाणामुळे हा तालुका भातासाठी ओळखला जातो. भातावरचे सगळे तुडतुडे मात्र एक नाहीत. हिरवा तुडतुडा पानांवर दिसतो आणि रोग पसरवू शकतो. तपकिरी तुडतुडा वेगळ्या कुळातला आहे. तो बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर रस शोषतो आणि पीक गोलाकार पट्ट्यांत जळाल्यासारखे करतो. हिरव्याच्या मागच्या पायावर काट्यांच्या रांगा असतात, तर तपकिरीच्या पायाला टोकाशी एक हलणारी नखी असते. किडा ओळखला नाही, तर फवारणी पानांवर होते आणि शत्रू बुंध्याशी सुरक्षित राहतो.

डिस्टंट यांचे पुढे काय झाले?

सुमारे ५० हजार कीटकांचा त्यांचा संग्रह म्युझियमने १९२० मध्ये विकत घेतला. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांनी केलेली अनेक वर्गीकरणे पुढे बदलली गेली. पण ज्या नमुन्यांवरून त्यांनी नावे दिली, ते जपले गेले, म्हणूनच चुका दुरुस्त करता आल्या. हे बहुतेक मूळ नमुने लंडनमध्ये आहेत. त्यामुळे सह्याद्रीतल्या तुडतुड्यांवर काम करणाऱ्या संशोधकाला शंका आली, तर शतकापूर्वी इथून गेलेल्या त्या टाचणीवरच्या किड्यापर्यंत आजही पोहोचावे लागते.