मॅरियन ओनबी
फ्रान्सिस मॅरियन ओनबी (१९१०–१९७४) हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. परदेशातून आलेल्या तणांच्या संकरातून उपजलेल्या दोन नव्या जातींचे वर्णन व नामकरण त्यांनी १९५० साली केले.

ओनबी यांनी १९४० मध्ये कॅलोकॉर्टस या लिलीसदृश प्रजातीवरील प्रबंध प्रसिद्ध केला. पुढील कारकीर्द वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे अध्यापनात आणि वनस्पतिसंग्रहालयाच्या कामात गेली. वायव्य अमेरिकेच्या वनस्पतींवरील बहुखंडी ग्रंथाचे ते एक सहलेखक होते.

'ट्रॅगोपोगॉन' ही सूर्यफुलाच्या कुळातील प्रजाती. तिच्या तीन युरोपीय जाती विसाव्या शतकाच्या आरंभी पुलमन परिसरात पोहोचून रस्त्याच्या कडेला, पडीक जागी वाढू लागल्या. त्यांचे संकर सहज होत, पण ते जवळजवळ वंध्य असत. १९४९ मध्ये मात्र पुलमन व शेजारच्या आयडाहो राज्यातील मॉस्को गावाजवळ (रशियाच्या राजधानीशी याचा संबंध नाही) ओनबी यांना भरपूर बी धरणारी थोडी झाडे आढळली. मूळ जातींत १२ गुणसूत्रे होती, तर या झाडांत २४. गुणसूत्रे दुप्पट झाल्यामुळे संकराचे वंध्यत्व गेले होते.

त्यांना केवळ संकर म्हणावे की स्वतंत्र जाती? झाडे मोजकीच होती आणि ती लवकरच नाहीशी होण्याचीही शक्यता होती. तरीही ती स्वतःसारखीच संतती देतात आणि जनक जातींपासून वेगळी राहतात, या आधारावर ओनबी यांनी त्यांना जातीचा दर्जा दिला. 'मायरस' (अद्भुत) आणि 'मिसेलस' (मिश्र) अशी नावे त्यांनी ठेवली. दोन्हींत ट्रॅगोपोगॉन डुबियस हा एक जनक आहे. १९५३ मध्ये मॅककॉलम यांच्यासह त्यांनी दाखवले की मिसेलस एकाहून अधिक वेळा उपजली असून, पुलमनमध्ये जी जाती मातृवनस्पती होती ती मॉस्कोमध्ये पितृवनस्पती होती.

गोंदियापासून सह्याद्रीपर्यंतच्या रानांत माजलेली घाणेरी हीसुद्धा अमेरिकेतून आलेली, संकरांतून घडलेली वनस्पती आहे. परंतु तिच्यात बागेतल्या अनेक वाणांची सरमिसळ झाल्याने तिचे नेमके जनक सांगणे अवघड जाते. ओनबी यांच्या झाडांचे जनक मात्र त्याच रस्त्याकडेला उभे होते.

ती झाडे नाहीशी झाली नाहीत, उलट पसरली. पुढील जनुकीय अभ्यासांतून दोन्ही जाती अनेकदा स्वतंत्रपणे उपजल्याचे दिसून आले. पुलमनच्या वनस्पतिसंग्रहालयाला आज ओनबी यांचे नाव आहे.