अ‍ॅन ब्राँटे : चरित्र आणि एका संहितेचे भवितव्य

ब्राँटे भगिनींचा विचार करताना शार्लट आणि एमिली यांच्या मागोमाग तिसरे नाव येते ते अ‍ॅनचे, आणि बहुधा ते केवळ यादी पूर्ण करण्यासाठी येते. धाकटी, सौम्य, धर्मपरायण आणि दोघी थोरल्या बहिणींच्या तुलनेने अल्प प्रतिभेची, अशी तिची प्रतिमा दीर्घकाळ रूढ राहिली. मात्र नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलाला घेऊन घराबाहेर पडणारी आणि स्वतःच्या कमाईवर जगू पाहणारी नायिका व्हिक्टोरियन कादंबरीत आणली ती याच सौम्य लेखिकेने. हे तिच्या हातून कसे घडले आणि त्याची किंमत तिच्या कीर्तीला कशी मोजावी लागली, हे तिच्या चरित्राच्या आधारेच समजून घ्यावे लागते.

अ‍ॅनचा जन्म १७ जानेवारी १८२० रोजी यॉर्कशरमधील थॉर्न्टन येथे झाला. त्याच वर्षी वडील पॅट्रिक ब्राँटे यांची हॉवर्थच्या चर्चमध्ये नेमणूक झाली आणि कुटुंब तेथील धर्मगुरुनिवासात राहावयास आले. पुढच्याच वर्षी आई वारली. मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल हिने मुलांचा सांभाळ केला. १८२५ मध्ये दोन थोरल्या बहिणी क्षयाने गेल्या. उरलेल्या चौघांनी काल्पनिक राज्ये रचली. त्यांपैकी गोंडलचे राज्य एमिली आणि अ‍ॅन या दोघींचे.

१८३५ ते १८३७ या काळात अ‍ॅन रो हेड येथील शाळेत होती. तेथील अखेरच्या आजारपणात तिला तीव्र धार्मिक अस्वस्थतेने ग्रासले. जेम्स ला ट्रोब या मोरेव्हियन पंथाच्या धर्मगुरूंनी तेव्हा तिची भेट घेऊन तिला धीर दिला. कोणताही आत्मा कायमचा नरकात राहत नाही, ही तिची पुढील काळातील श्रद्धा या अनुभवाशी जोडून पाहता येते. तिच्या नायिकेच्या वर्तनाचा उलगडा होण्यासाठी ही श्रद्धा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बहिणींमध्ये नोकरी सर्वांत दीर्घकाळ टिकविली ती अ‍ॅनने. १८३९ मध्ये मर्फील्डजवळच्या ब्लेक हॉल येथे ती शिक्षिका म्हणून राहिली. ती नोकरी वर्ष संपण्यापूर्वीच गेली. त्यानंतर १८४० पासून जून १८४५ पर्यंत ती यॉर्कजवळच्या थॉर्प ग्रीन येथे रॉबिन्सन कुटुंबात होती. घरची शिक्षिका धड नोकरांत मोडत नाही आणि धड घरच्या माणसांतही नाही. त्यामुळे तिच्यासमोर माणसे फारसे काही लपवीत नाहीत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील बोलणे, मुलांचे लाड आणि त्यांतून घडणारे पुरुष हे सारे अ‍ॅनने पाच वर्षे जवळून पाहिले. १८४३ मध्ये तिच्याच शब्दावर भाऊ ब्रॅनवेल तेथे शिक्षक म्हणून लागला. १८४५ च्या जूनमध्ये तिने राजीनामा दिला आणि जुलैमध्ये मालकिणीशी असलेल्या संबंधांवरून ब्रॅनवेलला काढून टाकण्यात आले. नंतरची तीन वर्षे तो दारू आणि अफू यांच्या आहारी जाऊन त्याच घरात खचत गेला.

हंटिंग्डन म्हणजे ब्रॅनवेल, असे समीकरण अनेकांनी मांडले आहे. ते अर्धेच खरे आहे. व्यसनाची शारीरिक लक्षणे, आश्वासने आणि पुन्हा घसरण यांचे ज्ञान अ‍ॅनला घरातूनच मिळाले, यात शंका नाही. परंतु ब्रॅनवेल अविवाहित होता, निर्धन होता आणि कोणावर सत्ता गाजविण्याच्या स्थितीत नव्हता. हंटिंग्डनचा जाच उभा आहे तो मालमत्ता, कायदा आणि पुरुषी मैत्रमंडळ यांच्या बळावर. ही बाजू अन्यत्र शोधावी लागते. नोव्हेंबर १८४० मध्ये जवळच्या कीथली गावातील एका धर्मगुरूची पत्नी मद्यपी नवऱ्याची कैफियत घेऊन पॅट्रिक ब्राँटे यांच्याकडे आली होती. त्यांनी तिला नवऱ्याला कायमचे सोडण्याचा सल्ला दिला. त्या काळच्या पाद्र्याने असा सल्ला द्यावा, ही साधी गोष्ट नव्हे. १८४७ मध्ये तीच स्त्री सावरलेल्या अवस्थेत पुन्हा हॉवर्थला येऊन गेली, आणि त्या वेळी अ‍ॅन घरी होती.

१८४६ मध्ये करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी तिघींचा कवितासंग्रह निघाला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. डिसेंबर १८४७ मध्ये न्यूबी या प्रकाशकाने ‘वुदरिंग हाइट्स’बरोबर अ‍ॅनची ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ प्रसिद्ध केली. जून १८४८ मध्ये ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ तीन खंडांत आली.

या कादंबरीतील पलायन आवेगाच्या भरात झालेले नाही. हेलन नवऱ्यापुढे शयनगृहाचे दार बंद करते, तरी घर सोडीत नाही. लहानग्या मुलाला बाप आपल्या मित्रांच्या मैफलीत बसवून दारू आणि शिव्या शिकवू लागतो, तेव्हा तिचा निश्चय होतो. ती चित्रे विकून जगण्याचा बेत आखते. हंटिंग्डन तिची रोजनिशी हिसकावून वाचतो, चित्रकलेचे साहित्य जाळतो आणि किल्ल्या व पैसे ताब्यात घेतो. बेत फसतो. पुढे मुलाची शिक्षिका म्हणून तो आपली रखेलीच घरात आणतो, तेव्हा ती भाऊ आणि विश्वासू दाई रेचेल यांच्या साहाय्याने निघते. वाइल्डफेल हॉलमध्ये ती खोटे नाव धारण करते आणि चित्रांवरही खरे ठिकाण घालीत नाही. वाचकाला प्रथम भेटते ती ही गावच्या कुजबुजीचा विषय झालेली अनोळखी भाडेकरीण.

हे पलायन १८२७ मध्ये घडते, हा तपशील महत्त्वाचा आहे. लहान मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात अर्ज करता येऊ लागला तो १८३९ च्या कायद्याने, तोही मुले सात वर्षांच्या आतील असतील तर. विवाहितेची कमाई तिची स्वतःची ठरली १८७० मध्ये. म्हणजे हेलन मुलाला नेते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती बापाचा हक्क हिरावते, आणि चित्रांचे पैसेही नवऱ्याचेच ठरतात. १८५७ च्या घटस्फोट कायद्यानेही पत्नीला नवऱ्याचा व्यभिचार पुरेसा मानला नाही. त्याला क्रौर्यादी जोड लागे. (वैवाहिक हक्क पुनःस्थापित करण्याचा दावा हा याच इंग्लिश धर्मन्यायालयीन परंपरेतून मुंबईत आला. न पाळणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी रखमाबाईंवर दावा दाखल झाला आणि १८८७ मध्ये त्यांच्यापुढे नांदणे अथवा कैद असा पर्याय ठेवण्यात आला.)

मरणासन्न हंटिंग्डनच्या शुश्रूषेसाठी हेलन परतते, याला काही स्त्रीवादी अभ्यासक माघार मानतात. ते पटण्यासारखे नाही. मुलाच्या ताब्याबाबत लेखी वचन घेतल्यावाचून ती त्याला बापाच्या दृष्टीस पडू देत नाही. आणि नवऱ्याच्या आत्म्याला अखेरीस मुक्ती मिळेल हा तिचा विश्वास अ‍ॅनच्या पूर्वोक्त श्रद्धेचाच भाग आहे. कादंबरीचे खरे वैगुण्य वेगळे आहे. हेलनची रोजनिशी गिल्बर्ट मार्कमच्या पत्रात बंदिस्त झाली आहे आणि हा गिल्बर्ट स्वतः चिडखोर, प्रसंगी हात उगारणारा आहे. अ‍ॅनने हे जाणूनबुजून केले असावे, पण त्या जाणिवेचा पाठपुरावा शेवटच्या भागात होत नाही.

कादंबरी खपली आणि समीक्षकांनी तिला असभ्य ठरविले. न्यूबीने ती ‘जेन एअर’च्या लेखकाचीच असल्याचे अमेरिकेत भासविले. त्यामुळे जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन रातोरात लंडनला गेल्या आणि शार्लटच्या प्रकाशकांपुढे उभ्या राहून आपण भिन्न व्यक्ती असल्याचे त्यांनी सिद्ध केले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अ‍ॅनने सत्यकथनाचा आपला हेतू निःसंदिग्धपणे मांडला आणि लेखक पुरुष की स्त्री, हा प्रश्न गैरलागू ठरविला. ती प्रस्तावना अजूनही वाचण्याजोगी आहे.

त्यानंतर सारे वेगाने घडले. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल आणि डिसेंबरमध्ये एमिली वारली. जानेवारीत अ‍ॅनला क्षय असल्याचे निश्चित झाले. मे १८४९ मध्ये शार्लट आणि तिची मैत्रीण एलेन नसी यांच्यासह ती आपल्या आवडत्या स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी गेली आणि २८ मे रोजी तेथेच वारली. वय २९. दफनही तेथेच झाले. शिलेवर वय २८ कोरले गेले. त्या चुकीची दुरुस्ती सांगणारा फलक ब्राँटे सोसायटीने बसविला तो पुष्कळ नंतर.

१८५० मध्ये शार्लटने बहिणींच्या कादंबऱ्या पुन्हा प्रसिद्ध केल्या, पण ‘वाइल्डफेल हॉल’ वगळली. विषयाची निवडच चुकीची होती, असे तिचे मत होते. दोन वर्षांपूर्वी ब्रॅनवेलला मूठमाती दिलेल्या बहिणीला ते पान पुन्हा उघडणे असह्य झाले असेल, हे समजू शकते. परंतु अ‍ॅनने डोळे उघडे ठेवून केलेली निवड तिच्या पश्चात भाबडेपणात जमा झाली. पुढे १८५४ मध्ये हॉजसन या प्रकाशकाने एकखंडी स्वस्त आवृत्ती काढली. तीत आरंभीचे पत्र, प्रकरणांची शीर्षके आणि मजकुराचे अनेक तुकडे गाळलेले होते. नंतरच्या अनेक आवृत्त्या हीच संहिता छापीत राहिल्या. म्हणजे रचना विस्कळीत असल्याचा दोष ज्यांनी अ‍ॅनला दिला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती तिने लिहिलेले पुस्तक नव्हतेच. चिकित्सक संहिता हर्बर्ट रोझेनगार्टन यांच्या संपादनाखाली क्लॅरेंडन प्रेसने १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या हाती ही कादंबरी देताना ती कोणत्या संहितेवर बेतलेली आहे, हे आधी पाहून घ्यावे लागते. हॅलफर्डला उद्देशून लिहिलेले पत्र आरंभी नसेल, तर ती प्रत हॉजसनच्या वंशातील समजावी.