नागपुरीं जन्मलेला गोलरक्षक : रिचर्ड ॲलन

सायंकाळीं देवळाच्या आवारांत मुलें चेंडू घेऊन जमलीं, कीं खेळ सुरूं होण्यापूर्वीं एक तंटा ठरलेला असतो. पुढें राहून गोल करावा ही प्रत्येकाची हौस. गोली व्हावयास मात्र कोणी राजी नसतो. अखेरीस जो वयानें लहान किंवा धांवण्यांत मंद असेल त्याला दोन विटांच्या मध्यें उभा करितात, आणि तो बिचारा अर्धा तास तोंड पाडून उभा राहतो. हा प्रकार मी अनेक वर्षें पाहत आलों आहें. म्हणून महोत्सवाच्या या स्मरणिकेंत कोणाचें चरित्र लिहावें असा विचार करूं लागलों, तेव्हां मनांत आला तो आपल्या शेजारच्या नागपुरांत जन्मलेला एक गोली. तो फुटबॉलचा नव्हे, हॉकीचा गोलरक्षक होता. परंतु दोन खांबांच्या मध्यें एकट्यानें उभें राहण्याचें काम दोन्ही खेळांत सारखेंच आहे.

रिचर्ड जेम्स ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजीं नागपुरांत झाला. नागपूर तेव्हां मध्यप्रांताची राजधानी होतें. पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, वऱ्हाड प्रांत त्या कारभाराला जोडण्यांत आला; म्हणजे ॲलन वर्षभराचे झाले त्या सुमारास तेल्हारा व नागपूर हीं दोन्हीं ठिकाणें एकाच सरकारच्या हाताखालीं आलीं. ॲलन हे अँग्लो-इंडियन समाजांतले. रेल्वे, तारखातें, जकात व बंदरें यांत चाकरी करणारा हा समाज संख्येनें लहान, पण हॉकी म्हणजे त्याचा जीव कीं प्राण! ज्या गांवीं रेल्वेचें मोठें ठाणें, त्या गांवीं हॉकीचें मैदान, असा त्या काळचा रिवाजच होता.

बालपणीं त्यांना उत्तरेस मसुरीच्या डोंगरांत ओक ग्रोव्ह या शाळेंत घातलें. ही शाळा ईस्ट इंडियन रेल्वेनें १८८८ सालीं स्थापिली होती. पुढें त्यांचें शिक्षण नैनिताल येथील संत जोसेफ यांच्या नांवाच्या विद्यालयांत झालें. तें विद्यालय आयरिश ख्रिस्ती बंधूंच्या हातीं होतें. धन्यवादित एडमंड राईस यांनीं या बंधूंच्या कार्यास आयर्लंडांतील वॉटरफर्ड शहरीं १८०२ सालीं, ॲलन यांच्या जन्मापूर्वीं बरोबर शंभर वर्षें, गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढून आरंभ केला होता. हिंदुस्थानांत या बंधूंच्या शाळांतून वर्गाइतकेंच महत्त्व मैदानालाहि असे.

हॉकीच्या गोलरक्षकाचें काम काय, हें ज्यांनीं तो खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद व ८ फूट उंच असतो. हॉकीचा १२ फूट रुंद व ७ फूट उंच. जागा अर्ध्याहून कमी, म्हणून काम सोपें असें कोणास वाटेल. परंतु हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक, वजनानें साडेपांच औंसांच्या आसपास, आणि तो काठीच्या फटक्यानें जवळून सुटतो. त्या काळीं गोलरक्षकाच्या पायांना क्रिकेटमधल्यासारखीं पॅडें व हातांत मोजे एवढेंच संरक्षण असे. तोंडावर जाळी नसे. चेंडू दिसला तेव्हां विचार करावयास वेळ नाहीं, आणि दिसला नाहीं तेव्हां करावयास दुसरें कांहींच नाहीं. त्या काळच्या ७० मिनिटांच्या खेळांत असा माणूस कधीं कधीं चारच वेळां चेंडूला शिवे. त्यांतला एक चुकला तर तेवढाच लोकांच्या लक्षांत राहतो.

ॲलन बंगालकडून खेळूं लागले. कलकत्त्यांत तेव्हां हॉकीची मोठी चढाओढ असे. तेथील बेटन कप १८९५ सालापासून चालूं आहे. हॉकीचें अखिल भारतीय मंडळ १९२५ सालीं ग्वाल्हेरीस स्थापन झालें आणि १९२८ सालच्या आरंभीं कलकत्त्यास प्रांतांचे सामने भरवून ऑलिंपिकसाठीं संघ निवडण्यांत आला. आपल्या मध्यप्रांतानेंहि त्यांत भाग घेतला होता व त्याचे दोन खेळाडू, रेक्स नॉरिस व मायकेल रॉक, निवडले गेले. गोल राखण्याचें काम बंगालच्या ॲलन यांजकडे आलें.

पैशाची मात्र पंचाईत. सुमारें १५,००० रुपये कमी पडत होते, आणि नॉरिस व बंगालचे शौकत अली यांना मागें ठेवावें लागेल अशी वेळ आली होती. बंगालच्या लोकांनीं वर्गणी पुरी केली तेव्हां ते दोघे जाऊं शकले. हे खेळाडू आजच्या अर्थानें धंदेवाईक नव्हते. ऑलिंपिकचा नियमच तसा होता. प्रत्येकजण आपली नोकरी सांभाळून खेळे. मार्च महिन्यांत संघ मुंबईहून आगबोटीनें निघाला तो मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरून, आणि बंदरावर निरोप द्यावयास आलेले लोक होते अवघे तीन.

ॲमस्टरडॅम येथें १७ मे १९२८ पासून हिंदी संघाचे सामने सुरूं झाले. ऑस्ट्रियावर ६-०, बेल्जमवर ९-०, डेन्मार्कवर ५-०, स्वित्झर्लंडवर ६-०. अंतिम सामना २६ मे रोजीं यजमान हॉलंडशीं होता. त्या दिवशीं आपल्या संघाची स्थिति चांगली नव्हती. कर्णधार जयपाल सिंग संघाबरोबर नव्हते. (छोटा नागपूरच्या मुंडा समाजांतले हे ख्रिस्ती गृहस्थ पुढें घटना समितींत आदिवासींचे प्रतिनिधि म्हणून गाजले.) त्यांच्या जागीं ब्रूम पिनिजर यांनीं संघ चालविला. कित्येक खेळाडू आजारी किंवा जखमी. ध्यानचंद यांनाहि ताप होता. सभोंवार हजारों डच लोक आपल्या संघास ओरडून धीर देत होते. सामना ३-० असा जिंकला. पांच सामन्यांत हिंदुस्थानचे २९ गोल झाले, आणि हिंदुस्थानवर एकहि झाला नाहीं. पांचहि सामन्यांत गोलांत ॲलन उभे होते.

वृत्तपत्रांनीं २९ या आकड्याचें कौतुक केलें तें योग्यच. परंतु त्याच्या शेजारच्या शून्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. तें शून्य कांहीं आपोआप पडत नाहीं. तें दहा दिवस राखावें लागलें होतें. संघ परत आला तेव्हां, जेथें तीन माणसें निरोपास होतीं, त्याच मुंबई बंदरावर हजारोंची गर्दी लोटली.

आतां १९३२ सालच्या त्या गोष्टीकडे येतों, जिच्यामुळें ॲलन यांचें नांव अजून कधीं कधीं ऐकूं येतें आणि जिच्यामुळें मला वाटतें त्यांच्यावर थोडा अन्यायहि झाला आहे. लॉस एंजेलिस फार दूर, जगभर मंदी. हॉकीसाठीं अवघे तीन देश आले, हिंदुस्थान, जपान व अमेरिका. जपानचा ११-१ असा पराभव झाला. त्या दिवशीं गोलांत आर्थर हिंद होते. ११ ऑगस्ट रोजीं अमेरिकेशीं सामना झाला व तो हिंदुस्थाननें २४-१ असा जिंकला. एकट्या रूप सिंग यांचे १० गोल, त्यांचे वडील बंधु ध्यानचंद यांचे ८. अमेरिकेचा तो एक गोल विल्यम बॉडिंग्टन यानें केला, आणि तो ॲलन यांच्यावर झाला. सांगतात असें कीं, चेंडू सारखा पलीकडच्या टोंकाला असल्यामुळें ॲलन गोलाच्या मागें उभ्या असलेल्या प्रेक्षकांना सह्या देत होते, आणि तेवढ्यांत अमेरिकन खेळाडू येऊन पोंचला.

गोष्ट मजेदार आहे व पोरांना सांगितली तर तीं खो-खो हंसतात. सत्तर मिनिटांत आपल्याकडून चोवीस वेळां गोल होत असतांना दुसऱ्या टोंकाच्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार मात्र हंसण्यांत राहून जातो. संकटाच्या वेळीं जागें राहणें कठीण नाहीं. संकट येतच नाहीं अशा वेळीं जागें राहणें कठीण. ॲलन त्या दिवशीं चुकले असतील तर चुकले. पण १९२८ सालच्या त्या पांच सामन्यांतला चेंडू न् चेंडू ज्यानें अडविला, त्याची आठवण लोकांनीं एका सहीवर आणून ठेवावी हें मला बरें वाटत नाहीं.

खरी परीक्षा पुढें बर्लिनला झाली. १९३६ सालीं ध्यानचंद कर्णधार होते. तीनहि ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलेले हिंदी खेळाडू दोनच, एक ध्यानचंद आणि दुसरे ॲलन. संघांत मुंबईचे जोसेफ फिलिप्स व बाबू निमल होते, तसेच कराचीहून आलेले पीटर पॉल फर्नांडिस हे गोवेकर ख्रिस्ती गृहस्थहि होते. १३ जुलैस संघ बर्लिनला पोंचला आणि १७ जुलैला जर्मन संघाशीं झालेल्या सरावाच्या सामन्यांत ४-१ असा हरला! आठ वर्षांत असा धक्का बसला नव्हता. हिंदुस्थानांत तार करून दारा यांना विमानानें बोलावून घेण्यांत आलें.

त्यानंतर हंगेरी, अमेरिका, जपान व फ्रान्स हे चारहि संघ हिंदुस्थानवर गोल करूं शकले नाहींत. अंतिम सामना पुन्हां जर्मनीशींच. पावसामुळें तो एक दिवस पुढें ढकलून १५ ऑगस्ट रोजीं सकाळीं घ्यावा लागला. संघ अधिकृतपणें ब्रिटिश हिंदुस्थानच्या ध्वजाखालीं उतरला होता. परंतु मैदानावर जाण्यापूर्वीं संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनीं पोषाखाच्या खोलींत तिरंगा काढून समोर धरला व सर्वांनीं त्याला वंदन केलें. त्या खोलींत हिंदु, मुसलमान, शीख व ख्रिस्ती असे सर्व होते. पुढें अकरा वर्षांनीं, १५ ऑगस्ट याच तारखेस, देश स्वतंत्र झाला.

जमीन ओली, चेंडू जड, जर्मन संघ तयारीचा. मध्यंतरापर्यंत हिंदुस्थानचा एकच गोल झाला होता. तो अर्धा डाव ॲलन यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोलाचा होता असें मला वाटतें. १-० ही आघाडी म्हणजे गोलरक्षकाच्या एका चुकीइतकी. एक चेंडू निसटला असता तर १७ जुलैची आठवण अकराहि जणांच्या पायांत आली असती. तो निसटला नाहीं. उत्तरार्धांत ध्यानचंद यांनीं बूट काढून टाकले आणि गोल होत गेले; अखेर ८-१. जर्मनीचा तो एक गोल वाइस यानें केला. त्या स्पर्धेंत हिंदुस्थानवर झालेला तेवढाच गोल. हिंदुस्थानचे एकूण ३८.

ॲलन त्या स्पर्धेंत चार सामने खेळले. त्यापूर्वीं १९३२ सालीं एक व १९२८ सालीं पांच. म्हणजे तीन ऑलिंपिक, दहा सामने, आणि त्यांच्यावर झालेले गोल दोन.

पुढचें सर्व युद्धानें गिळलें. १९४० व १९४४ सालच्या स्पर्धा झाल्याच नाहींत. बर्लिनच्या वेळीं ॲलन ३४ वर्षांचे होते. लंडनला १९४८ सालीं ऑलिंपिक पुन्हां भरलें तेव्हां ४६ वर्षांचे. मधल्या काळांत देश दोन झाला, त्यांचे जुने सोबती दोन्हीं बाजूंस विभागले गेले, आणि अँग्लो-इंडियन समाजांतील पुष्कळ कुटुंबें इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे निघून गेलीं. दारा यांनीं तर लंडनला पाकिस्तानचें नेतृत्व केलें. स्वतंत्र भारताच्या संघांत ॲलन यांच्या जागेसाठीं दोन गोलरक्षक गेले. एक रंगनाथन फ्रान्सिस, ज्यांनीं ॲलन यांच्याप्रमाणेंच तीन सुवर्णपदकें मिळविलीं. आणि दुसरे मुंबईचे लिओ पिंटो. १२ ऑगस्ट १९४८ रोजीं वेंब्लीच्या मैदानावर भारतानें इंग्रजांच्या संघाला ४-० असें हरविलें, तेव्हां गोलांत पिंटो उभे होते.

रिचर्ड ॲलन १९६९ सालीं निवर्तले. आमच्या आवारांतल्या गोलीला मी हें सर्व एकदां सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें कीं, त्या सह्या मागणाऱ्यांना कोणी रागावलें कीं नाहीं.