रोनाल्ड रॉस : बेगमपेठेतील डास आणि आफ्रिकेतील गाठ

पटकी आणि हिवतापाने जुने गोवे ओस पाडले, हे गोमंतकीयांना नव्याने सांगावयास नको. त्या हिवतापाचे वाहन डास आहे, याचा पुरावा मिळविणारे सर रोनाल्ड रॉस १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे जन्मले. ओढा काव्याकडे होता. सेनाधिकारी वडिलांच्या इच्छेखातर ते वैद्यक शिकले आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८९४ मध्ये लंडनला रजेवर असताना पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रुग्णाच्या रक्तातील हिवतापाचे परजीवी दाखविले आणि डासांवर संशय व्यक्त केला. पुढील वर्षी रॉस सिकंदराबादेत आले. सुमारे दोन वर्षे ते भलत्याच जातीचे डास फाडीत राहिले. ऑगस्ट १८९७ मध्ये बेगमपेठेतील रुग्णालयात हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासाला एक आणा या दराने स्वतःला चावून घेतले. शास्त्राच्या इतिहासात त्याचे ऋण फारच स्वस्तात फेडले गेले. उकाडा असह्य होता, पण पंख्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. २० ऑगस्टला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरभित्तीत त्यांना काळ्या रंगकणांच्या पेशी दिसल्या. ते रंगकण हिवतापाच्या परजीवींचेच होते.

लवकरच सरकारने त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्याला केली, जेथे या संशोधनाला वावच नव्हता! १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावरून त्यांनी संक्रमणाचे पूर्ण चक्र उलगडले. १९०२ चे नोबेल मिळाले, तरी इटलीच्या ग्रासींशी श्रेयाचा कडवट वाद चालूच राहिला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये ते निवर्तले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९५७ मध्ये, युगांडातील शल्यविशारद डेनिस बर्किट यांना मुलांच्या जबड्यांत झपाट्याने वाढणाऱ्या गाठी आढळल्या. हा लसिका ग्रंथींचा दुर्मीळ कर्करोग आफ्रिकेत ठरावीक उष्ण, पावसाळी पट्ट्यातच दिसे, आणि तो पट्टा हिवतापाचाच निघाला. १९६४ मध्ये या गाठींच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. हा विषाणू जगभर आहे. मात्र बालपणापासून वारंवार येणाऱ्या हिवतापाने प्रतिकारशक्ती विस्कळीत झाली की त्याचे फावते, असे मानले जाते. त्या पट्ट्याबाहेर, युरोपात वा भारतात, हा रोग विरळा आणि बहुधा पोटात होतो.

उपचारही प्रदेशागणिक निराळे. सायक्लोफॉस्फमाइड किंवा भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील संशोधनाच्या परंपरेतून आलेले मेथोट्रेक्सेट यांनी आफ्रिकेतील गाठी वितळत. सुसज्ज रुग्णालयांत अनेक औषधांच्या तीव्र मात्रांनी बहुतेक मुले बरी होतात. जेथे रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्गावरील उपचार अपुरे असतात, तेथे त्याच मात्रा जीवघेण्या ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना सौम्य उपचार निवडावे लागतात.