होकायंत्राचा चिकित्सक : मॅथ्यू फ्लिंडर्स

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या संतांचे, समाजसुधारकांचे आणि कलावंतांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या मालिकेत एका इंग्रज दर्यावर्द्याचे चरित्र आम्ही का गुंफीत आहोत, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर एवढेच की, चरितार्थासाठी घरापासून दूर आलेल्या माणसांना दिशेचे मोल अधिक कळते. दिशा दाखविणारे साधन कोठे आणि का चुकते, याचा ज्याने ध्यास घेतला, त्याची कहाणी आम्हांस परकी वाटण्याचे कारण नाही.

मॅथ्यू फ्लिंडर्सचा जन्म १६ मार्च १७७४ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील डॉनिंग्टन या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते आणि मुलाने तोच व्यवसाय चालवावा अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु रॉबिन्सन क्रूसोची कथा वाचून या मुलाला समुद्राचे वेड लागले. गणित आणि नौकानयनशास्त्र यांचा अभ्यास करून वयाच्या पंधराव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला. १७९१ ते १७९३ या काळात कॅप्टन ब्लाय याच्या हाताखाली ताहितीची सफर झाली. पुढे १७९५ मध्ये तो ऑस्ट्रेलियातील पोर्ट जॅक्सनला पोहोचला. जॉर्ज बास या शल्यवैद्य मित्रासमवेत १७९८-९९ मध्ये त्याने टास्मानियाला वळसा घातला आणि ती भूमी म्हणजे स्वतंत्र बेट आहे, हे सिद्ध केले.

या कीर्तीमुळे ऑस्ट्रेलियाच्या संपूर्ण किनाऱ्याचे सर्वेक्षण करण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. एप्रिल १८०१ मध्ये ॲन चॅपेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. पत्नीला बरोबर नेण्याचा त्याचा मनोदय वरिष्ठांना कळताच त्यांनी त्यास मनाई केली. तीनच महिन्यांनी, १८ जुलै रोजी, 'इन्व्हेस्टिगेटर' हे जहाज निघाले आणि ॲन मागे राहिली.

किनाऱ्याचा नकाशा काढावयाचा म्हणजे प्रत्येक भूशिर होकायंत्राने टिपावयाचे. मात्र एक चमत्कारिक गोष्ट फ्लिंडर्सच्या ध्यानी आली. जहाजाचे तोंड पूर्वेकडे असताना घेतलेली नोंद आणि तेच तोंड पश्चिमेकडे असताना घेतलेली नोंद यांचा मेळ बसेना. तोंड उत्तरेकडे वा दक्षिणेकडे असले की हा घोळ जवळजवळ नाहीसा होई. अशा तफावती त्याच्यापूर्वी कॅप्टन कुकच्या सफरीवरील खगोलज्ञ विल्यम वेल्स यांनाही दिसल्या होत्या. सामान्य नाविक मात्र यंत्राला किंवा निरीक्षकाला दोष देऊन मोकळे होत. फ्लिंडर्सने तसे केले नाही. दर वेळी जहाजाचे तोंड कोणत्या दिशेस होते, हेही तो नोंदीशेजारी लिहू लागला.

येथे होकायंत्राचे मर्म थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यातील सूची म्हणजे टोकदार आधारावर सहज फिरेल अशी तोललेली चुंबकित पोलादी पट्टी. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रतिपादन केले. तिच्या क्षेत्रास अनुसरून सूची स्थिर होते आणि तिचे एक टोक उत्तरेकडे वळते. परंतु पृथ्वीचे हे क्षेत्र फार क्षीण असते. लहानसे लोहचुंबक सूचीजवळ नेले, तर सजातीय ध्रुव दूर लोटला जातो, विजातीय ओढला जातो आणि सूची उत्तर सोडून फिरते. चुंबक दूर केले की ती पुन्हा मूळ जागी येते. चुंबकित नसलेल्या साध्या लोखंडाची तऱ्हा निराळी. ते सूचीच्या दोन्ही टोकांना ओढते. घरी होकायंत्र असल्यास त्याच्याजवळ लोखंडी अडकित्ता नेऊन वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

साध्या लोखंडाचा आणखी एक गुण आहे. उभी ठेवलेली लोखंडी सळई पृथ्वीच्या क्षेत्रामुळे काही काळापुरती स्वतःच चुंबक बनते. पृथ्वीचे क्षेत्र सर्वत्र आडवे नसते. उत्तर गोलार्धात ते खाली जमिनीत शिरते, दक्षिण गोलार्धात जमिनीतून वर येते. त्याच्या या कलतेपणास नती म्हणतात. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर नती शून्य असते आणि तेथून ध्रुवांकडे जावे तसतशी ती वाढत जाते. त्यामुळे उभ्या सळईचे वरचे टोक इंग्लंडमध्ये सूचीच्या उत्तर टोकाला ओढते, तर ऑस्ट्रेलियात तेच टोक सूचीच्या दक्षिण टोकाला ओढते.

फ्लिंडर्सच्या नोंदींत नेमके हेच उमटले होते. होकायंत्राच्या पुढल्या बाजूस तोफा व इतर लोखंडी सामान होते. इंग्लंडच्या समुद्रात सूचीचे उत्तर टोक जहाजाच्या नाळेकडे खेचले जाई. दक्षिण गोलार्धात दक्षिण टोक खेचले जाई. जहाज चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत असेल, तर ही ओढ सूचीच्या लांबीच्याच दिशेने असल्यामुळे सूची हलत नसे. जहाज आडवे झाले की ती सर्वाधिक ढळे. चार अंशांची चूक धरली, तरी शंभर मैल चाललेले जहाज सुमारे सात मैल बाजूला जाते. रात्रीच्या वेळी, अनोळखी खडकाळ किनाऱ्यावर, एवढे अंतर शेकडो माणसांच्या प्राणांवर बेतू शकते.

१८०३ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा पूर्ण झाली. या प्रवासात बंगारी हा तेथील आदिवासी दुभाषा म्हणून त्याच्या सोबत होता आणि ट्रिम नावाचे लाडके मांजरही होते. जहाज मात्र कुजून निकामी झाले होते. परतीस निघालेले दुसरे जहाज प्रवाळखडकावर फुटले, तेव्हा फ्लिंडर्सने उघड्या होडीतून सुमारे सातशे मैल जाऊन सिडनी गाठली आणि अडकलेल्या सोबत्यांसाठी मदत आणली. मग 'कंबरलंड' या गळक्या गलबतातून तो इंग्लंडकडे निघाला. डिसेंबर १८०३ मध्ये डागडुजी आणि पाण्यासाठी त्याला मॉरिशस बेटावर थांबावे लागले.

त्या वेळी बेट फ्रेंचांचे होते. मधल्या काळात उभय राष्ट्रांत युद्ध पेटले होते आणि त्याची वार्ता फ्लिंडर्सला नव्हती. त्याच्यापाशी फ्रेंच सरकारचे अभयपत्र होते खरे, पण ते 'इन्व्हेस्टिगेटर'च्या नावाचे होते. गव्हर्नर दकाँ याने त्याला हेर समजून अटकेत ठेवले. पॅरिसहून सुटकेस संमती आल्यावरही त्याने ती लांबविली. अशी साडेसहा वर्षे गेली. ट्रिम मांजरही तेथेच नाहीसे झाले. पुढे त्याच बेटावर ऊसमळ्यांच्या कामासाठी आपल्या मुलखातून मराठी कष्टकरी गेले आणि त्यांचे वंशज तेथे नांदत आहेत, हे येथे सहज आठवते.

बंदिवासात फ्लिंडर्सने नोंदवह्या उलगडल्या आणि सूचीच्या विचलनावर निबंध लिहून तो सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविला. १८०५ मध्ये रॉयल सोसायटीने तो प्रसिद्ध केला. लेखक स्वतः समुद्रापलीकडे अडकलेला असताना त्याचा निबंध मायदेशी पोहोचला होता.

ऑक्टोबर १८१० मध्ये तो इंग्लंडला परतला. पतीपत्नींची भेट सव्वानऊ वर्षांनी झाली. १८१२ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचा मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेला इजिप्तविद्येचा पंडित फ्लिंडर्स पेट्री. त्याच वर्षी आरमाराच्या संमतीने फ्लिंडर्सने बंदरांत निरनिराळ्या जहाजांवर प्रयोग केले. जहाज सर्व दिशांना फिरवावे, प्रत्येक दिशेची चूक टिपावी आणि जहाजातील लोखंडाच्या ओढीस तोडीस तोड म्हणून होकायंत्रालगत एक उभी लोखंडी सळई ठेवावी, असा उपाय त्याने सुचविला. यातली खुबी अशी की, गोलार्ध बदलला तर जहाजाची ओढ उलटते आणि सळईचीही तितकीच उलटते.

आपल्या सफरीचा बृहद्ग्रंथ सिद्ध करताना त्याची प्रकृती ढासळत गेली. ग्रंथ १८ जुलै १८१४ रोजी प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच दिवशी, चाळिसाव्या वर्षी, फ्लिंडर्सचे निधन झाले. ग्रंथाची प्रत शय्येवर ठेवली तेव्हा त्याला शुद्ध नव्हती, असे सांगतात.

पुढे लोखंडी जहाजे आली आणि त्याच्या इशाऱ्याचे महत्त्व सर्वांना पटले. १८७० नंतरच्या दशकात लॉर्ड केल्विन यांनी आपल्या सुधारित होकायंत्रात उभ्या सळईस स्थान दिले. आजही नाविक तिला फ्लिंडर्सची सळई म्हणूनच ओळखतात. उपग्रहांनी स्थान सांगण्याच्या या काळातही मोठ्या जहाजांवर चुंबकीय होकायंत्र आणि त्याच्या चुकांचा तक्ता ठेवावाच लागतो.

त्याचे थडगे मात्र लंडनमधील युस्टन स्थानकाच्या परिसरात हरवले होते. नव्या लोहमार्गाच्या कामासाठी उत्खनन चालू असता जानेवारी २०१९ मध्ये ते सापडले. शवपेटीवरील शिशाच्या पट्टीवरून ओळख पटली. जुलै २०२४ मध्ये डॉनिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. दोनशे दहा वर्षांनी तो आपल्या गावी पोहोचला.

दूरदेशी संसार मांडणाऱ्या आम्हां मंडळींस या चरित्रातून एक गोष्ट विशेष भावते. सूची खोटी नव्हती; भोवतालचे लोखंड तिला ओढीत होते आणि ते लोखंड फेकून देऊन जहाज चालले नसते. फ्लिंडर्सने त्याची ओढ मोजली आणि तिचा हिशेब ठेवला. परमुलखाची भाषा, रीत, व्यवहार हे आमच्या जहाजावरचे आवश्यक सामान आहे. त्याची ओढ आमची मुले रोज अनुभवतात. तिचा हिशेब ठेवण्याची एखादी लहानशी सळई या मंडळाच्या रूपाने पन्नास वर्षे उभी राहिली असेल, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.