देहूचा वाणी आणि विठोबाचे काम

संत तुकाराम महाराज आपल्या घरात असतात ते तसबिरीत. हाती वीणा, चिपळ्या आणि चेहऱ्यावर पूर्ण समाधान. त्यामुळे हा माणूस जन्मतःच निःशंक असावा असे आपण धरून चालतो. चरित्र वाचताना आम्हाला मात्र दिसले ते असे तुकोबा, ज्यांना देवाने सांगितलेले काम आपल्याला झेपेल का, हा प्रश्न वर्षानुवर्षे छळत होता.

इ.स. १६०८ च्या सुमारास देहूच्या मोरे घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. जात कुणबी, धंदा वाण्याचा. घरात सावकारी होती आणि विठोबाची पिढीजात पूजाही. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून कोवळ्या वयातच दुकान तुकोबांच्या अंगावर पडले. पुढे आईवडील गेले. १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, धंद्याचे दिवाळे निघाले.

यानंतरची एक गोष्ट आम्हा बँकेत जन्म घालवलेल्या माणसांना विशेष लागते. लोकांकडून येणे असलेल्या कर्जखतांची त्यांनी वाटणी केली. धाकट्या कान्होबाला त्याचा हिस्सा दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. बुडीत कर्ज माफ करताना आम्हाला दहा सह्या लागत! इथे तर दिवाळे निघालेल्या माणसाने आपले येणेच सोडले, पण भावाच्या हक्काला हात लावला नाही.

मग पडक्या देवळाची दुरुस्ती केली, भंडारा डोंगरावर एकांतात संतांची वचने पाठ केली. कीर्तनात सुरुवातीला ते मागे उभे राहून नुसते ध्रुपद धरत. पुढे उभे राहण्याची ना हौस, ना हिंमत. अशात स्वप्नात पांडुरंगासह नामदेव आले आणि आपले अपुरे राहिलेले कवित्व पुरे करण्याचे काम त्यांनी तुकोबांना सांगितले. ज्याला वेदाचा अधिकार नाही, शास्त्र शिकलेले नाही, अशा वाण्याला हे काम! तुकोबांनी स्वतःची ही उणीव कधी लपवली नाही. माल धन्याचा, आपण फक्त तो वाहून नेणारे हमाल, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. रोखपालाच्या हातून दिवसभर लाखो रुपये जातात, पण त्यातला एकही आपला नाही हे तो जाणतो. त्यामुळेच त्याचा हात कापत नाही. तुकोबांचेही तसेच झाले असावे.

खरी कसोटी पुढे होती. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला की शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघणे अधर्म आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आधी खते बुडाली, आता वह्याही. लोकांनी टोमणे मारले. ते स्वप्न खरे होते की मनाचा खेळ? नदीकाठच्या शिळेवर तुकोबा अन्नपाण्यावाचून तेरा दिवस पडून राहिले. परंपरा सांगते की तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. आम्हाला त्याहून मोठे वाटते ते नंतरचे. विजयाचा डंका न पिटता, आपण देवाला भीड घातली याचीच खंत त्यांनी अभंगांतून मांडली. रामेश्वर भट पुढे त्यांचेच भक्त झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले. ब्राह्मण कुळातल्या बहिणाबाईंनी या कुणब्याला गुरू मानले.

१६५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. मागे राहिले सुमारे साडेचार हजार अभंग. पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेली पालखी आजही देहूहून निघते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही ते अभंग टिकले, ते बहुतेक पंडितांमुळे नव्हेत. सूर धड नाही, अर्थ पुरता ठाऊक नाही, असे म्हणत म्हणत कुणा आजीने ते नातवंडांकडून पाठ करून घेतले, म्हणून टिकले. एकादशीच्या भजनाला पुढे बसायला सांगितले की आपल्यातले पुष्कळजण संकोचाने मागे सरतात. त्यांनी मागेच बसावे, हरकत नाही. तुकोबांनीही मागूनच सुरुवात केली होती. ध्रुपद मात्र धरावे.