सर फेबियन वेअर

युद्धांत विजय मिळविणाऱ्या सेनापतींचीं चरित्रें सर्वत्र वाचावयास मिळतात. परंतु त्या विजयापायीं जे मातीस मिळाले त्यांचीं नांवें टिकावीं म्हणून ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, अशा पुरुषाचें चरित्र विद्यार्थिबंधूंच्या वाचनांत क्वचितच येतें. म्हणून सर फेबियन वेअर यांच्या जीवनाची अल्पशी ओळख येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेअर यांचा जन्म इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं ता. १७ जून १८६९ रोजीं झाला. घरचें वळण कडक धार्मिक होतें. तरुणपणीं त्यांनीं कांहीं वर्षें शिक्षकाचा पेशा पत्करला व पॅरिस येथील विश्वविद्यालयांत अध्ययन केलें. पुढें ते दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सव्हाल प्रांतांत शिक्षणखात्याचे प्रमुख झाले, आणि १९०५ पासून १९११ पर्यंत लंडनच्या मॉर्निंग पोस्ट ह्या दैनिकाचे संपादक होते.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें, तेव्हां त्यांचें वय ४५ वर्षांचें होतें. वयामुळें सैन्यांत प्रवेश मिळेना. म्हणून रेडक्रॉसच्या एका रुग्णवाहक पथकाचे नायक होऊन ते फ्रान्सांत गेले. जखमींना उचलीत असतां एक गोष्ट त्यांच्या मनास लागली. मृत शिपायांस घाईनें पुरून वर एखादें लांकूड रोंवीत. पावसानें त्यावरील अक्षरें पुसून गेलीं कीं तेथें कोण निजला आहे हें सांगणारा कोणी उरत नसे. वेअर यांनीं हें काम आपण होऊन अंगावर घेतलें. थडगें शोधावें, नांवाची खात्री करावी, टिकाऊ खूण लावावी व वहींत नोंद करावी, असा क्रम सुरू झाला. १९१५ सालीं सैन्याधिकाऱ्यांनीं ह्या कार्यास मान्यता दिली, व मे १९१६ पर्यंत सुमारें ५०,००० थडग्यांची नोंद झाली. ता. २१ मे १९१७ रोजीं राजाच्या सनदेनें इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालें. १९६० पासून त्याच्या नांवांत इंपीरियलच्या ठिकाणीं कॉमनवेल्थ हा शब्द आला आहे.

ह्या कमिशनाचें मुख्य तत्त्व समतेचें होतें. सरदाराचा मुलगा असो वा हमालाचा, सेनापति असो वा शिपाई, मरणानंतर सर्वांचा दगड एकाच मापाचा, २ फूट ८ इंच उंचीचा. श्रीमंतानें आपल्या मुलाचें प्रेत घरीं न्यावें आणि गरिबाचें मात्र परदेशीं राहावें, हेंही वेअर यांस पटेना. म्हणून प्रेतें स्वदेशीं नेण्यास बंदी झाली. ह्या नियमानें पुष्कळ आईबापांचीं अंतःकरणें दुखावलीं. तीन पुत्र रणांत गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनीं आठ हजार सह्यांचा अर्ज राजपुत्राकडे पाठविला. आपल्या मुलाच्या थडग्यावर क्रॉस असावा एवढेंच त्या माउल्यांचें मागणें होतें. दुसऱ्या बाजूस कवि किपलिंग होते. त्यांचाही एकुलता एक मुलगा १९१५ त लूसच्या लढाईंत पडला होता व त्याचें थडगेंही सांपडलें नव्हतें. ता. ४ मे १९२० रोजीं पार्लमेंटांत वाद होऊन कमिशनाचें धोरण कायम राहिलें. तथापि दगडाच्या पायथ्याशीं कुटुंबानें ६६ अक्षरांपर्यंत आपले शब्द कोरवावे, ही मुभा ठेवण्यांत आली.

ज्यांचें थडगेंच सांपडलें नाहीं त्यांच्यासाठीं स्मारकें उभारलीं. बेल्जममधील ईप्र येथील मेनिन दरवाजावर सुमारें ५५,००० नांवें आहेत. १९२८ पासून तेथें रोज रात्रीं आठ वाजतां रस्त्यावरील रहदारी थांबते आणि गांवच्या आगीच्या बंबावरील स्वयंसेवक बिगुल वाजवितात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या अमलाखालीं पडलेला खंड सोडला तर ही प्रथा अखंड चालत आली आहे. फ्रान्सांत नव्ह शापेल येथें हिंदी सैनिकांचें स्मारक १९२७ सालीं झालें. त्यावर ४,७०० हून अधिक नांवें आहेत.

परंतु ह्या उज्ज्वल चित्रास एक काळी बाजूही आहे, आणि ती लपविणें मृतांस न्याय देणारें होणार नाहीं. १९२९ सालच्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. पण ३३,००० हून अधिक हिंदी शिपायांचा केवळ आंकडा घातला. त्या मेसापोटेमियाच्या मोहिमेंत, कूटच्या वेढ्यांत, आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या. आफ्रिकेंतील असंख्य शिपाई व हमाल यांस तर खूणही लाभली नाहीं. समतेचें तत्त्व सांगणारे वेअर स्वतः कारभार पाहत असतांच हें घडलें. २०२१ सालीं कमिशनानेंच चौकशी करून ही चूक कबूल केली व क्षमा मागितली. निदान १,१६,००० मृतांचीं नांवें, कदाचित् त्याहूनही पुष्कळ अधिक, कोरावयाचीं राहून गेलीं असें त्या चौकशींत दिसून आलें. तत्त्व थोर होतें. तें सर्वांस लागू करण्याइतकें मन मात्र थोर झालें नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत बाँबखालीं मेलेल्या नागरिकांचींही नांवें नोंदविलीं जावीं म्हणून वेअर झटले. १९४८ पर्यंत ते कामावर होते. ता. २८ एप्रिल १९४९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. अँबर्ली गांवच्या चर्चच्या आवारांत त्यांच्या थडग्यावर शिपायांच्या दगडासारखाच साधा दगड आहे.

वाचकहो, पुण्याजवळ खडकी येथें ह्याच कमिशनानें राखलेली स्मशानभूमि आहे. तेथील पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून अधिक नांवें आहेत. आपल्या अनेक खेड्यांतही, ह्या गांवचे किती लोक महायुद्धास गेले व किती परत आले नाहींत, हें सांगणारी शिळा भिंतींत बसविलेली आढळते. त्या शिळेवर पुष्कळदां आंकडाच असतो, नांव नसतें. तीं नांवें गांवांतील वृद्धांस विचारून लिहून ठेवणें, शिळेवरील धूळ पुसणें, आणि गांवांत परतलेल्या म्हाताऱ्या शिपायास आदरानें बसवून त्याची हकीकत ऐकणें, एवढें तर शाळेंतील मुलांच्या हातून खास होण्यासारखें आहे. वेअर यांच्या कार्याचा आरंभही एका वहीपासूनच झाला होता.